कोण कोणाचं कोण

आमच्या शाळेत दर वर्षी एखादं नवं खूळ येतं आणि ते माझ्या डोक्यावर बसतं. मी कॉम्प्युटर शिकवतो. म्हणजे वेळापत्रकात तसं लिहिलंय. प्रत्यक्षात प्रोजेक्टर, माईक, घंटेचा बिघडलेला टायमर आणि मुख्याध्यापकांच्या मोबाईलमध्ये न उघडणारे फोटो ही माझी खाती. मुलं माझ्यामागे मला 'बटण सर' म्हणतात. मी ऐकलं नाही असं दाखवतो.

या वर्षीचं खूळ भाषेच्या बाईंचं. सहावीच्या मुलांनी आपापल्या घरची एक छोटी फिल्म मोबाईलवर काढून आणायची आणि ती सगळ्यांनी मिळून वर्गात बघायची. एवढंच असतं तर हौसेला मोल नाही म्हणून सोडून दिलं असतं. पण बाई कुठल्याशा प्रशिक्षणातून एक युक्ती शिकून आल्या होत्या. फिल्म आधी आवाज बंद करून लावायची. मध्येच थांबवायची आणि विचारायचं, "आता सांगा, यात कोण कोणाचं कोण?" मुलांनी नुसतं बघून ओळखायचं आणि ओळखलं की पुरावा द्यायचा. ज्याची फिल्म असेल त्याने तोवर तोंड उघडायचं नाही. सगळ्यांचं झालं की त्याने बरोबर की चूक ते सांगायचं, आणि शेवटी तीच फिल्म आवाजासकट पुन्हा बघायची. याने निरीक्षण वाढतं, असं बाईंचं म्हणणं. आठवड्याभरात मुलं त्यांना 'कोण-बाई' म्हणायला लागली.

निरीक्षण वाढलं, यात वाद नाही. एका मुलाच्या फिल्ममध्ये त्याचे वडील आणि काका एका सोफ्यावर बसलेले होते. वर्ग म्हणाला, या दोघांचं वाजलंय. पुरावा काय? मधल्या बशीतलं बिस्कीट दोघांनाही हवंय आणि दुसऱ्याचा हात आधी जाईल म्हणून दोघंही उचलत नाहीत. त्या बिचाऱ्याला घरातल्या भांडणाचा पत्ताच नव्हता. तो रडवेला झाला आणि बाईंनी वर्गाला शाबासकी दिली. मुलांना रक्ताची चटक लागली म्हणतात तसं झालं. दुसऱ्याच्या घरातलं उघडं पाडायला कोणाला आवडत नाही? मलाही आवडत होतं. एरवी कॉम्प्युटरच्या तासाला जांभया देणारा मी, या तासाला वेळेच्या आधी हजर असायचो.

त्या दिवशी शेवटच्या तासाला पाळी होती पहिल्या बाकावरच्या मुलीची. हुशार, नीटनेटकी, हात वर करताना कोपरसुद्धा सरळ. इतरांच्या फिल्ममध्ये सगळ्यात जास्त पुरावे तिनेच शोधले होते. बिस्किटाचं तिनेच सांगितलं होतं. त्यामुळे तिच्या फिल्मची वर्ग वाटच बघत होता. फिल्म असेल त्या दिवशी घरच्या एका मोठ्या माणसाने येऊन मागे बसायचं, असा बाईंचा आणखी एक नियम होता. त्यांनीही गप्पच बसायचं.

मी कॉम्प्युटर लॅबच्या दारात वायर गुंडाळत उभा होतो, तेव्हा त्या दोघी जिन्यावरून वर आल्या. मुलगी आणि तिच्यामागे एक बाई, पन्नाशीच्या अलीकडच्या. ठेवणीतले कपडे, घड्या अजून मोडलेल्या नाहीत असे. मुलीचं दप्तर त्यांच्या खांद्यावर होतं. वर्गाच्या वळणाशी आल्यावर मुलगी थांबली, दप्तर काढून घेतलं आणि म्हणाली, "आत्या, तू मागून ये. लगेच नको."

"बरं गं पिल्लू," आत्या म्हणाल्या आणि भिंतीवरचे तक्ते वाचत उभ्या राहिल्या. बिनकामाचं नुसतं उभं राहायची त्यांना सवय नसावी. हातात काही नव्हतं म्हणून त्यांनी एका तक्त्याची निघालेली टाचणी नीट बसवली.

मीच त्यांना आत नेलं आणि मागे प्रोजेक्टरच्या टेबलाशेजारी खुर्ची दिली. मुलांची तोंडं पडद्याकडे, त्यामुळे कोणी वळून बघितलं नाही. प्रोजेक्टर तापेपर्यंत आम्ही हलक्या आवाजात बोलत होतो.

"हिचे आईवडील?" मी विचारलं.

"दादा-वहिनींना दवाखान्यातून निघता येत नाही. दोघं डॉक्टर ना. मग म्हटलं, मी जाते. मीच असते सगळीकडे हिच्या." हे त्या तक्रार म्हणून सांगत नव्हत्या. मग जरा वेळाने स्वतःहूनच म्हणाल्या, "सर, तुम्ही शिकलेले आहात, विचारते. मला एका मुलींच्या वसतिगृहात रेक्टर म्हणून बोलावलंय. दुसऱ्या गावी. राहायला खोली, खोलीला दार, दाराला माझी किल्ली. आज संध्याकाळपर्यंत हो-नाही कळवायचंय."

"मग कळवा की हो."

"दादा म्हणतो, घर तुझंच आहे, तू नोकरीला गेलीस तर लोक आम्हाला काय म्हणतील. ते जाऊ दे. पण ही." त्यांनी पुढच्या बाकाकडे हनुवटी केली. "हिच्या जन्मापासून मी आहे. हिला माझ्यावाचून झोप यायची नाही. आता मोठी झाली, पण हिची शाळा संपेपर्यंत तरी राहावं म्हणते. नाहीच कळवीन बहुतेक."

दुसऱ्याच्या घरात नाक खुपसायचं माझं काम नाही. ते काम पडद्यावर चालायचं.

बाईंनी दिवे घालवले. फिल्म सुरू झाली. आजीचा वाढदिवस होता. मोठी, उजेडाची खोली, लांब टेबल, मध्ये केक. मोबाईल मुलीच्याच हातात होता, हे कळत होतं, कारण सगळे जण जरा खाली, तिच्या उंचीकडे बघून हसत होते. आजी मधल्या खुर्चीत. एक उंच माणूस, एक हसरी बाई, दोनचार पाहुणे. केक कापला, टाळ्या वाजल्या, अर्थात आवाजाशिवाय. मग उंच माणूस ग्लास हातात घेऊन उभा राहिला आणि बराच वेळ बोलला. सगळे मान डोलावत होते. पाहुण्यांपैकी एकीने डोळे टिपले. यात मधूनमधून एक ऍप्रन इकडून तिकडे जात होता. कधी पाठ, कधी कोपर, कधी बशा धरलेले दोन हात. एकदा तर ऍप्रन अगदी जवळून गेला आणि पडदा क्षणभर नुसता पांढरा झाला. मग मोबाईल झटक्याने बाजूला झाला आणि आजी पुन्हा दिसायला लागली.

"थांबवा," बाई म्हणाल्या. मी थांबवली. "आता सांगा. कोण कोणाचं कोण?"

आजी सोपी होती. उंच माणूस आजीचा मुलगा, कारण कपाळ सारखं. हसरी बाई त्याची बायको, कारण त्याच्या ग्लासाखाली तिने न बघता रुमाल सरकवला. बाई फळ्यावर लिहीत गेल्या. पहिल्या बाकावरची नियमाप्रमाणे ओठ मिटून बसली होती. तिचे कान लाल झालेले मला मागूनही दिसत होते. मला वाटलं, आनंदाने.

"आणि या?" बाईंनी पट्टीने पडद्यावरच्या पाठीवर टिचकी मारली.

"कामवाल्या बाई," चष्मेवाला मुलगा म्हणाला.

माझ्या शेजारची खुर्ची हलली नाही. हलली असती तर बरं झालं असतं.

"पुरावा?" बाई म्हणाल्या. त्यांचा आवडता शब्द.

पुराव्यांना काय तोटा. हात भराभर वर आले. सगळ्यांनी नवे कपडे घातलेत आणि यांनी ऍप्रन. सगळ्यांना खुर्ची आहे, यांना नाही. "मोजा ना बाई, एकही रिकामी नाही, म्हणजे ठेवलीच नव्हती." बशी घेताना कोणी यांच्याकडे बघत नाही, नुसता हात पुढे करतात. केक कापायला सुरी यांनी आणून दिली आणि कापून झाल्यावर परत नेली, पण यांना केक कोणी भरवला नाही. एक मुलगी म्हणाली, "आमच्याकडच्या मावशींना आम्ही निदान केक देतो." त्यावर वर्ग हसला. मग चष्मेवाल्याने शेवटचा खिळा ठोकला, "आणि जिने फिल्म काढली, तिने यांचा चेहरा एकदाही घेतला नाही. घरचं माणूस असतं तर घेतला असता."

"वा," बाई म्हणाल्या. "याला म्हणतात निरीक्षण."

मी बाजूला बघितलं. आत्या पडद्याकडे बघत होत्या, अगदी शिस्तीने, तोंडातून अवाक्षर न काढता. घरच्यांनी गप्प बसायचं, हा नियम त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. त्यांनी मांडीवर हात घट्ट धरले होते आणि त्या वाट बघत होत्या. कशाची, तेही मला कळलं. आता मुलीची पाळी होती. ती उभी राहील आणि सांगेल. मुलगी हो म्हणते की नाही, यावर आत्यांचं हो-नाही टांगलेलं होतं, आणि त्या मुलीला त्याची गंधवार्ता नव्हती.

"चला," बाई म्हणाल्या. "आता जिची फिल्म तिने सांगायचं. ओळखलंय का वर्गाने बरोबर?"

मुलगी उभी राहिली. तिने एकदा फळ्याकडे बघितलं, एकदा चष्मेवाल्याकडे. मागे बघितलं नाही. तिच्यापुढे रस्ते दोनच होते. ती माझी सख्खी आत्या आहे म्हणायचं, म्हणजे सगळ्या वर्गासमोर मान्य करायचं की आमच्या घरी सख्ख्या माणसाला असं वागवतात, आणि ते मलाही, बिस्कीट ओळखणाऱ्या मला, कधी दिसलं नाही. नाहीतर दुसरा. अकरा-बारा वर्षांचं पोर, ते कुठला रस्ता धरणार?

"हो," ती म्हणाली. "बरोबर. त्या आमच्याकडे कामाला आहेत."

बाईंनी फळ्यावर लिहिलं, 'कामाला'. खडूचा तुकडा पडला, त्यांनी वाकून उचलला.

शेजारून एक श्वास ऐकू आला, बस. मी माणूस म्हणून फार हळवा नाही. पण त्या क्षणी त्या पोरीचा मला इतका राग आला की कानशिलं तापली. जन्मापासून जिच्या कुशीत झोपली, तिला मुलगी अशी ओवाळून टाकते? इतक्या सहज, हात सरळ ठेवून?

"बाई," मुलगी खाली बसता बसता म्हणाली, "आवाजाचं राहू दे ना. आवाज नीट आलेला नाही."

"ठीक आहे," बाई घड्याळाकडे बघत म्हणाल्या. "तासही संपत आलाय. सर, बंद करा."

बटण माझ्या हातात होतं. मी फिल्म मागे नेली आणि आवाज पूर्ण वर केला. बाई "अहो सर" म्हणाल्या, ते मी ऐकलं नाही. ऐकलं नाही असं दाखवण्यात माझा हात कोण धरणार?

खोली आवाजाने भरली. टाळ्या, हशा, खुर्च्यांची करकर. "ताई, चमचे." "अगं ताई, बर्फ संपला." "ताई, दार वाजतंय बघ." लहानथोर पाच-सहा तोंडांतून एकच हाक. मग ऍप्रन जवळ आला, पडदा पांढरा झाला आणि मोबाईलच्या अगदी जवळून, स्पष्ट, वैतागलेला, पहिल्या बाकावरचा आवाज आला, "आत्या, बाजूला हो ना. फिल्ममध्ये येतेयस तू."

चष्मेवाला हळूच पुढच्या बाकाकडे वळला. मग दुसरं कोणी, मग तिसरं. मुलगी टेबलावरच्या पट्टीकडे बघत होती.

मी बंद करायला हवं होतं. नाही केलं. उंच माणूस ग्लास घेऊन उभा राहिला. आता त्याचं भाषण ऐकू येत होतं, आणि माणूस बोलायला चांगला होता. आईच्या वाढदिवशी आईबद्दल सगळेच बोलतात, तो म्हणाला, मी आज माझ्या बहिणीबद्दल बोलणार आहे. तिने स्वतःचा संसार केला नाही, आमचा सांभाळला. ती या घराचा कणा आहे. आम्ही दोघं दवाखाना उभारू शकलो ते तिच्यामुळे. हे ऋण फिटायचं नाही. पाहुणीने डोळे टिपले ते याच ठिकाणी. आणि या सगळ्याच्या मागे, भाषणभर, एक नळ सोडलेला होता. भांड्यांवर पाणी पडत होतं आणि भांडी एकमेकांवर आपटत होती. कणा शब्द नेमका त्यातच अर्धा बुडाला. मग आजींचा, म्हणजे आत्यांच्या सख्ख्या आईचा, करकरीत आवाज आला, "अगं, नळ बंद कर की जरा. इथे बोलतोय तो, काही ऐकू येत नाही."

नळ बंद झाला. टाळ्या वाजल्या. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात, आणि वाढायलाही तीच.

"पण ज्यांच्याबद्दल बोलतायत त्या तर तिथे नाहीतच," मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली. तिला अजून वाटत होतं, पुरावे द्यायचा तास चालूच आहे.

बाईंनी दिवे लावले. त्यांनी मागे बसलेल्या आत्यांकडे आता पहिल्यांदा नीट बघितलं आणि त्यांना सगळं एकदम कळलं. चेहरा पडला. "ताई," त्या म्हणाल्या, "म्हणजे, तुम्ही… मुलं आहेत हो. चुकतात. तुम्हीच सांगा त्यांना नीट."

आत्या उभ्या राहिल्या. सगळा वर्ग वळला. त्यांच्याकडे न बघणारी आता एकटी त्यांची भाची उरली होती.

"मुलांचं काही चुकलं नाही बाई," आत्या म्हणाल्या. "मार्क कापू नका. सगळे पुरावे बरोबर आहेत." मग त्या माझ्याकडे वळल्या. "दादा असं बोलला होता, हे मी आज पहिल्यांदा ऐकलं. तेव्हा नळ चालू होता."

त्या बाहेर गेल्या. मागोमाग मुलगी दप्तर घेऊन धावली आणि मागोमाग मी. वायर गुंडाळायचं निमित्त होतं, पण खरं सांगायचं तर मला पुढचं बघायचं होतं.

व्हरांड्यात आत्या फोनवर होत्या. "हो, मीच," त्या म्हणत होत्या. "येते मी. पुढच्या महिन्यात कशाला, या रविवारीच येते. सामान? नाही, फार नाही." फोन ठेवून त्या वळल्या. मुलगी समोर उभी.

"आत्या, मी मुद्दाम नाही म्हटलं. सगळे तसंच म्हणत होते म्हणून."

"माहितीय मला."

"मग रागावलीस का?"

"कामवाली कुठे रागावते?" आत्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. म्हणून जास्त लागला असणार.

मुलीचा चेहरा वाकडा झाला, ती रडायला लागली. "मी बाईंना जाऊन सांगते. सगळ्यांना सांगते. चल ना, आत चल, मी सांगते तू कोण ते."

"आता सांगून काय उपयोग? आता त्यांना माहितीय." आत्यांचा हात सवयीने दप्तराकडे गेला, पट्टा धरलाही. मग त्यांनी तो पट्टा मुलीच्याच खांद्यावर सरळ केला आणि हात काढून घेतला. "सरळ जायचं, चौकातून डावीकडे. रोजचाच रस्ता आहे. मी मागून येते. लगेच नको."

ती जिना उतरली. दप्तर जड होतं, एकीकडे कलत होती. आत्या कठड्याशी उभ्या राहून ती फाटकातून बाहेर पडेपर्यंत बघत होत्या. मग त्यांनी तोंडावर पदर घेतला आणि खूप रडल्या. मी तिथेच होतो. पाणी आणून द्यावं, एवढंही मला सुचलं नाही.

नंतर कोण-बाई माझ्याशी बोलेनाशा झाल्या. उपक्रम बंद झाला. मुख्याध्यापकांनी मला बोलावून विचारलं, बंद करा म्हटल्यावर आवाज का वाढवला? मी म्हटलं, बटण बिघडलंय. त्यांनी नवीन मागवून दिलं.

पुढच्या महिन्यात उंच माणूस शाळेत आला, मुलीला घेऊन. प्रत्यक्षात तो पडद्यावरच्यापेक्षा दमलेला दिसत होता, शर्टाची इस्त्री एकाच बाजूला केलेली. "सर," तो म्हणाला, "ती वाढदिवसाची फिल्म तुमच्याकडे आहे ना? हिने मोबाईलमधून पुसून टाकली. आमची ताई नोकरीला गेली हो बाहेरगावी, अचानक. काय डोक्यात घेतलं कळत नाही, फोनही उचलत नाही. आई तर तेव्हापासून नीट जेवत नाही. म्हटलं, ते माझं भाषण तिला पाठवावं. ऐकलं तर तिला कळेल, आम्हाला तिची किती किंमत आहे. आणि त्यातून तिचा एखादा चांगला फोटो निघतो का बघा. आईच्या खोलीत लावायचाय."

मुलगी त्याच्या मागे उभी होती. तिने घरी काहीच सांगितलेलं नव्हतं. हे कळायला मला पुरावा लागला नाही.

मी फिल्म लावली आणि एकेक चित्र पुढे सरकवत गेलो. तो माझ्या खांद्यावरून वाकून बघत होता. पाठ. कोपर. बशा धरलेले हात. दारातून निघून जाणारी ऍप्रनची गाठ. "पुढे असेल," तो दर वेळी म्हणायचा. पुढे पुढे करत आम्ही शेवटाला आलो. चेहरा कुठेच नव्हता.

"असं कसं?" तो म्हणाला. "ती तर दिवसभर तिथेच होती." मग तो मुलीकडे वळला. "अगं, तू आत्याला घेतलंसच नाही?"

मुलीने माझ्याकडे बघितलं. मी तोंड उघडावं, असं तिला वाटत होतं, आणि उघडू नये असंही. मला तिची दया यायला हवी होती. थोडी आलीही.

मी पाठमोरं एक चित्र छापून दिलं आणि फिल्म त्याच्या मोबाईलवर चढवून दिली. त्याने तिथेच लावून बघितली. स्वतः ग्लास घेऊन उभा राहिला तिथपर्यंत आला, मग मोबाईल कानाला लावला, आवाजाचं बटण दाबत राहिला.

"सर, आवाज येत नाहीये."

"काढून टाकलाय," मी म्हणालो. "ही अशीच बघायची असते. कशी ते हिला विचारा. वर्गात सगळ्यात हुशार आहे."